तलावाच्या पाळीवरून : भंडाऱ्याच्या वारसाफेऱ्यांविषयी

(प्रस्तावना)

भंडारा जिल्हा बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेला असतो. नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग वैनगंगेचा पूल ओलांडतो, भंडारा, लाखनी, साकोली मागे टाकतो आणि छत्तीसगडच्या दिशेने निघून जातो. मुंबई-हावडा मार्गावर वरठीला 'भंडारा रोड' नावाचे स्टेशन लागते. तिथे उतरणारा प्रवासी सहसा घरी परतणारा असतो, जिल्हा पाहायला आलेला नसतो. 'तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे?' या प्रश्नाला इथला माणूसही अडखळतो. अजिंठा नाही, रायगड नाही, तिकीट काढून आत जावे असे फारसे काही नाही. मग तो तलावांचा जिल्हा म्हणतो, पितळी भांड्यांचे नाव घेतो आणि विषय धानाच्या भावाकडे वळवतो.

खरे तर त्याने उत्तर देऊन टाकलेले असते. तलाव, पितळ आणि धान हाच इथला वारसा आहे. तो कुंपणात नाही, कामात आहे. तलावातून अजून बांध्या भिजतात, ढिवर अजून जाळे टाकतात, कोसा अजून मागावर चढतो. असा वारसा लांबून पाहिला तर दिसतच नाही. त्यासाठी पायी जावे लागते, ज्याच्या हातात ते काम आहे त्याच्याबरोबर जावे लागते, आणि जमले तर आपलाही हात त्यात घालावा लागतो. वारसाफेरी आणि कार्यशाळा यांविषयीचे हे पुस्तक त्या गरजेतून आले आहे.

फेरी म्हणजे सहल नव्हे. पंधरा-वीस माणसे, दोन-अडीच तास, दोन-तीन किलोमीटरचा टापू, आधी ठरवलेले थांबे आणि प्रत्येक थांब्यावर बोलू शकेल असा जाणता माणूस, एवढाच तिचा सरंजाम. कार्यशाळा ही तिची जोडीदार. फेरीत जे डोळ्यांना दिसले, ते कार्यशाळेत हाताला कळते. यातली एकच केली तर काम अर्धे राहते.

या क्षेत्राचा जगातला इतिहास फार जुना नाही. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१४ नंतरची काही वर्षे भारतात होते. शहराचा आराखडा करण्याआधी गल्लीबोळांतून पायी हिंडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांनी सुरू केला. फ्रान्समध्ये १९७१ च्या सुमारास 'इकोम्युझियम' ही कल्पना पुढे आली. संग्रहालयाची इमारत विसरा, अख्खा परिसर आणि त्यात राहणारी माणसे हेच संग्रहालय समजा, असे ती सांगते. स्वेन लिंडक्विस्ट या स्वीडिश लेखकाने १९७८ मध्ये कामगारांना आवाहन केले की आपल्या कारखान्याचा इतिहास आपणच शोधा, जिथे उभे आहात तिथेच खणा. त्यातून ठिकठिकाणी अभ्यासमंडळे उभी राहिली.

आपल्या देशात १९ नोव्हेंबर १९९७ रोजी अहमदाबादच्या महापालिकेने सुरू केलेली वारसाफेरी हा मैलाचा दगड मानला जातो. काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पोळांतून जाणारी ही फेरी रोजची झाली. आपल्या दारातली लाकडी कोरीव पट्टी पाहायला परके लोक थांबतात हे पाहून घरमालकांच्या मनातली तिची किंमत बदलली. २०१७ मध्ये त्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यामागे इतर कारणे अनेक असतील. पण वीस वर्षांच्या पायपिटीचा वाटा नाकारता येणार नाही. मुंबईत फोर्ट आणि गिरगाव, पुण्यात पेठा आणि तांबट आळी अशा फेऱ्या आता रुळल्या आहेत.

मात्र ही परंपरा पूर्णपणे बाहेरून आली असे समजण्याचे कारण नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' घ्या. चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले, त्या जागांची ही नोंदवही चौदाव्या शतकातली मानली जाते. देऊळ कोणत्या तोंडाचे, स्वामींची जागा कोणत्या अंगाला, इतका बारकावा तिच्यात आहे, आणि तोही पायी हिंडून जमवलेला. नीळभट्ट भांडारेकार हे चक्रधरांचे शिष्य आपल्या नावातच भंडारा घेऊन महानुभाव वाङ्मयात वावरतात. वारी आहे, परिक्रमा आहे, स्वातंत्र्यलढ्यातली प्रभातफेरी आहे, पाणलोटाच्या कामांनी घरोघर पोचवलेली शिवारफेरी आहे. चालत चालत समजून घेणे आपल्याला नवे नाही. नवे आहे ते आपल्याच गावाकडे अभ्यासाच्या नजरेने पाहणे.

आज या कामात ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. पहिला वास्तू आणि पुरातत्त्वाचा. दुसरा निसर्गाचा. तिसरा कारागिरी आणि लोककलांचा. चौथा लोकांच्या इतिहासाचा, म्हणजे श्रम, जात, विस्थापन आणि लढ्यांचा. शहरांत हे प्रवाह वेगवेगळे वाहतात. किल्ल्यांचा गट वेगळा, पक्षी पाहणाऱ्यांचा वेगळा. भंडाऱ्यात त्यांना वेगळे ठेवणे अवघड आहे. कसे ते पाहू.

पहिल्या प्रवाहासाठी पवनी पुरेशी आहे. तीन बाजूंना मातीचा प्रचंड तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी या प्राचीन नगरीची रचना. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केले; शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ साली निघाला. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूरची हरदोलाला टेकडी यांखाली विटांचे मोठे बौद्ध स्तूप निघाले. त्यांचा व्यास सांचीच्या मुख्य स्तूपाच्या तोडीचा. कठड्याच्या स्तंभांवर ब्राह्मी लेख होते, मुचलिंद नागाचे शिल्प होते. महाक्षत्रप रूपिअम्म याचा स्तंभलेखही पवनीचाच. तीच पवनी आज विदर्भाची काशी म्हणून ओळखली जाते; दिवाण घाट, वज्रेश्वर घाट, गल्लोगल्ली देवळे आणि विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जाणारा सर्वतोभद्र गणेश. अष्टविनायकांतला आणखी एक, भृशुंड, भंडारा शहराच्या मेंढा भागात आहे. बौद्ध, वैदिक, महानुभाव आणि मराठाकालीन असे थर एकाच गावात चालता चालता पायाखालून जातात. कोणत्याही एका थराची बाजू घेऊन बाकीचे थर झाकणारा मार्गदर्शक पवनीला न्याय देऊ शकत नाही.

किल्ले मोजके आहेत, पण बोलके आहेत. तुमसर तालुक्यातला अंबागड हा देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या काळातला, अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा. भोसल्यांनी पुढे तो बंदिवानांसाठी वापरला. साकोलीजवळ सानगडीचा किल्ला आहे. खुद्द भंडाऱ्याचा उल्लेख 'भाणार' म्हणून रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या शिलालेखात येतो. म्हणजे या गावाचे व्यवहार तेव्हा पूर्वेकडे, महाकोसलाकडे जोडलेले होते. हे ध्यानात ठेवले की झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या पट्ट्याची, बोली, तिचे सण आणि तिची नाती उर्वरित महाराष्ट्रापेक्षा निराळी का, हे कोडे बरेच सुटते.

दुसरा प्रवाह तलावांचा, आणि या पुस्तकाचा जीव तिथे आहे. उंचवट्यांच्या मधून वाहणारा ओहोळ मातीच्या पाळीने अडवायचा, वर जंगल राखायचे, खाली धानाच्या बांध्या काढायच्या, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात सोडायचा, ही इथली रीत. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमिनी मिळत आणि कोहळी समाजाने या कामात नाव कमावले, असे परंपरा सांगते. घराजवळची लहान ती बोडी, गावाचा मोठा तो तलाव. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ मध्ये संपली आणि हे तलाव सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी'चे 'मामा तलाव' झाले. मालक गेला, पण पाळीची देखभाल कोणी करायची हा प्रश्न मागे राहिला.

एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर सकाळी उभे राहून पाहा. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला रोवणी झालेल्या बांध्या. बरोबरचा ढिवर काका पाण्याकडे बोट दाखवून सांगतो, पूर्वी वैशाखात पाणी कुठवर असायचे, मरळ कुठल्या गवतात अंडी घालायची, शिंगाड्याची लागवड कोणत्या अंगाला व्हायची. काठावर बेशरम ही वनस्पती माजलेली दिसते. तिच्याखाली मासे टिकत नाहीत हे तो कोरडेपणाने सांगतो. मग तलावाच्या पोटात सरकत आलेली शेते दाखवतो आणि तिथे मात्र आवाज खाली आणतो, कारण ती गावातल्याच कोणाची तरी असतात. अशा एका थांब्यावर जलशास्त्र, जीवशास्त्र, महसुली कायदा आणि गावाचे राजकारण एकत्र भेटतात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर हेच ज्ञान कामाला लावले. बेशरम उपटली, तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा स्थानिक मासे परतले. वारसा वापरात आणला की त्याची राखण आपोआप होते, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही.

मार्गदर्शक कोण असावा याचा धडाही याच मुलखाने दिला आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधला राहिले, तेव्हा नवेगाव बांध भंडारा जिल्ह्यातच होते. ते आज ज्यात आहे तो गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. मराठीला पाखरांचे आणि जंगलाचे एवढे वैभव देणाऱ्या या लेखकाने तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांना गुरू मानले. अधिकारी शिकत होता आणि गावचा माणूस शिकवत होता. प्रत्येक चांगल्या फेरीत हाच क्रम असतो.

तिसरा प्रवाह हातांचा. भंडाऱ्याचे गुंड, गंज, पराती, घागरी एकेकाळी लग्नाच्या रुखवतातून दूरदूर जात. स्टील आणि प्लॅस्टिक आले आणि कासार-तांबटांच्या वस्तीतला ठोक्यांचा आवाज विरळ झाला. दुकानाच्या काचेपलीकडचे चकचकीत भांडे पाहून यातले काही कळत नाही. त्यासाठी कल्हईची कार्यशाळा लावावी. भांडे भट्टीवर तापते, आत नवसागराची पूड फिरते, नाकात शिरणारा पांढरा धूर उठतो. नेमक्या क्षणी कथलाची कांडी टेकवली की कथील वितळते आणि कापसाच्या बोळ्याने ते सरसर पसरवावे लागते. भांडे कमी तापले तर कथील धरत नाही, जास्त तापले तर जळते. हा 'नेमका क्षण' कारागीर धुराच्या रंगावरून ओळखतो. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक का कळकते हे शाळेतल्या पोरांना एकदा असे दिसले, की धातूंचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

कोसा रेशमाचेही तसेच. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढवायच्या, पाखरांपासून त्या राखायच्या, कोश उकळून धागा काढायचा. धागा मांडीवर वळणाऱ्या बायांचे कसब तर कुठल्याच यादीत नसते. मोहाडी, आंधळगाव, पवनी इथल्या कोष्टी मागांवर करवतीच्या दातांसारखे काठ असलेली करवतकाठी साडी विणली गेली. तिला भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाने नाव टिकते. माग टिकायला गिऱ्हाईक आणि शिकणारा, दोन्ही लागतात.

लोककलांची वेळही ठरलेली आहे आणि जागाही. दिवाळीच्या भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. पाहुणे येतात, सोयरिकी ठरतात, रात्री दंडार हे लोकनाट्य उभे राहते. त्यापाठोपाठ वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांची झाडीपट्टी नाटके रात्र रात्र चालतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा कोश केला, दंडारीचा अभ्यास केला आणि बोलीची साहित्य संमेलने उभी केली. त्यामुळे ज्या बोलण्याला वर्गात हसत असत, ते बोलणे पुस्तकात आले. शंकरपटाचे उदाहरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या, मे २०२३ मध्ये सुधारित कायदे ग्राह्य धरून परवानगी कायम केली. परंपरा आणि प्राण्यांचे हाल हे दोन्ही प्रश्न त्यात खरे आहेत. परंपरा म्हणून सारे गोडच मानायचे नाही, ही सवय फेरीने लावली पाहिजे.

चौथ्या प्रवाहाकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत पिढ्या राबल्या. तेंदूपत्ता आणि विडीवर हजारो घरे चालली. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भंडाऱ्यातून लढवली आणि ते हरले. या मातीच्या राजकीय आठवणीत हा पराभव खोल रुतला आहे. १९८८ मध्ये गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. त्याच्या फुगवट्याने वैनगंगेचे रूप बदलले, गावे उठली, देवळे आणि शेते पाण्याखाली गेली. पुनर्वसित गावात नव्या सिमेंटच्या पारावर बसून बुडालेल्या गावाचा नकाशा आठवणीने काढणे, हीसुद्धा वारसा कार्यशाळाच आहे, आणि ती लवकर घ्यायला हवी. ज्यांना गल्ली आठवते ती पिढी थकत चालली आहे.

हेच 'आत्ताच का?' या प्रश्नाचे उत्तर. रोवणीची गाणी यंत्राबरोबर ओसरतात, बोड्या बुजून त्यांवर प्लॉट पडतात, शिकलेली मुले पुण्याला जातात. दुसरीकडे कऱ्हांडला, कोका आणि नागझिरा या अभयारण्यांमुळे वाघ पाहायला येणारे पर्यटक वाढले आहेत. त्यांना जिप्सीतून उतरवून तलावाच्या पाळीवर आणायचे की नाही, आणले तर कोणाच्या अटीवर, हे गावांनी ठरवायचे आहे. नाहीतर ते दुसरे कोणी ठरवील.

धोकेही सांगून ठेवतो. पहिला, माणसांचे प्रदर्शन होण्याचा. विणकर किंवा ढिवर हा फोटोचा विषय नाही. तो त्या दिवसाचा शिक्षक आहे आणि शिक्षकाला मानधन द्यायचे असते. दुसरा धोका गोड इतिहासाचा. तलाव कोणी बांधला याबरोबर पाळीवर माती कोणी वाहिली, घाटावर कोणाला मज्जाव होता, हेही विचारले गेले पाहिजे. तिसरा दंतकथांचा. प्रत्येक जुना दगड पांडवांचा ठरतो. दंतकथा जरूर ऐकावी, पण ती दंतकथा म्हणून सांगावी आणि शेजारी शिलालेखाचा पुरावा ठेवावा. चौथा, अगदी साधा: पवनीच्या टेकडीवरची खापरे, विटांचे तुकडे उचलून खिशात घालू नयेत. जागेवरून हललेल्या खापराची साक्ष संपते.

आता या पुस्तकाबद्दल. रसेल यांनी संपादित केलेले १९०८ चे जिल्हा गॅझेटिअर आहे, राज्य शासनाचे गॅझेटिअर आहे, उत्खननाचा अहवाल आहे, बोलीचा कोश आहे. ही सामग्री कपाटात असते आणि गाव बाहेर असते. कपाट आणि गाव यांच्यात वाट पाडणे एवढाच या पुस्तकाचा हेतू. सातही तालुक्यांतल्या वाटा त्यात आहेत, पण ते पर्यटनाचे माहितीपुस्तक नाही. कुठे थांबायचे यापेक्षा थांबल्यावर कोणाला काय विचारायचे यावर त्याचा भर आहे. कार्यशाळांची मांडणीही अशी आहे की गावातली शाळा, बचत गट किंवा वाचनालय ती फार खर्च न करता घेऊ शकेल. काही ठिकाणी वेगवेगळ्या माणसांनी दिलेल्या परस्परविरोधी आठवणी तशाच शेजारी ठेवल्या आहेत. तो गोंधळ नाही. त्यांचा निवाडा वाचकाने आणि गावाने मिळून करायचा आहे.

उणिवा दिसतील. गोंडी आणि पोवारी बोलणाऱ्या घरांपर्यंत हे काम पुरेसे पोचलेले नाही, आणि बायांच्या आठवणी पुरुषांच्या मानाने कमी आहेत. पुढची आवृत्ती त्यांच्याकडून सुरू व्हावी, असे मला वाटते.

शिक्षकांना एक विनंती आहे. या पुस्तकातली एक फेरी आपल्या शाळेच्या सर्वांत जवळच्या तलावावर करा, आणि त्या दिवशी शिकवायचे काम गावातल्या ढिवराला, कासाराला, कोष्टणीला द्या. पहिल्या वर्षी पुस्तक हातात असू द्या. दुसऱ्या वर्षी वाट गावाने ठरवावी. तिसऱ्या वर्षी पुस्तकाची गरज उरली नाही, तर ते उपयोगी पडले असे समजायला हरकत नाही.